डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या चालू कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणाऱ्या कथेत) नवा खेळाडू घ्यायचा, तर त्याचं पात्र कोणत्या लेव्हलवर आणायचं?

फेरीबोट

गोव्यात वर्षभर एकच टेबल टिकवणं अवघड आहे, आणि त्यात खेळाचा दोष नाही. हॉटेल लाइनमधली माणसं सीझनला, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, शनिवार-रविवार मोकळी नसतात. बोटीवर जाणारे कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत गायब. बाहेरून शिकायला आलेले सुट्टी लागली की घरी. चवथीला तर सगळेच गावी. त्यामुळे चालू कॅम्पेनमध्ये मधेच माणूस घेणं इथे नेहमीचंच आहे. तरीही बहुतेक टेबलांवर ते ऐनवेळी, घाईघाईत उरकलं जातं.

माझं मत असं : नवं पात्र पार्टीच्याच, म्हणजे बाकीच्या पात्रांच्याच, लेव्हलवर यावं, पहिल्या पंधरा मिनिटांत खेळात असावं, आणि त्याच्यावर संशय घ्यायचा नाही हे बाकीच्यांनी सेशनआधीच मान्य केलेलं असावं.

चर्चेसाठी चौकट धरू : डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, चार जणांची पाचव्या लेव्हलची पार्टी. या पार्टीपुढे कधी ना कधी फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, येणारच. नुकसान ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डला (जादूगाराला) हिट पॉइंट, म्हणजे जीव, ८. २८ मधले ८ शून्यावर आणायला गेले, उरले २०. उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर डेथ सेव्हसुद्धा (मरणातून वाचायचा फासा) मिळत नाही, पात्र जागीच मरतं. सेव्ह (नुकसान अर्धं करणारा बचावाचा फासा) जमला तरी १४ लागतात, म्हणजे आडवाच. तोच विझार्ड पाचव्या लेव्हलला ३२ हिट पॉइंटचा असतो आणि सरासरी फायरबॉल खाऊनही उभा राहतो. नव्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी डेथ सेव्ह टाकायला बसवणं हा पाहुणचार नव्हे.

सामानासाठी डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातलं कोष्टक पुरतं : पाचव्या ते दहाव्या लेव्हलला नेहमीचं सुरुवातीचं सामान, अधिक ५०० सोन्याची नाणी, अधिक १डी१० गुणिले २५. म्हणजे ५२५ ते ७५०.

विसात_एक

पाहुणचार आणि फुकटेपणा यांत फरक आहे. चार जणांनी घासून मिळवलेल्या ६,५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) पाचव्या माणसाला दारात उभं राहून मिळतात. आणि गरज कुठे आहे? पाचव्यावरून सहाव्या लेव्हलला जायला १४,००० लागतात, म्हणजे ७,५०० ची मजल. समान वाटणी धरली तर तेवढ्या काळात पहिल्या लेव्हलचं पात्रही ७,५०० वर पोचतं, म्हणजे पाचव्या लेव्हलला. कोष्टकच असं आहे की मागून येणारा आपोआप गाठतो.

फायरबॉलचं उदाहरण पहिल्या लेव्हलचं घेतलंत, ते सोयीचं होतं. तिसऱ्या लेव्हलचा तोच विझार्ड घ्या. हिट पॉइंट २०. सेव्ह हुकला तर शून्यावर जाऊन ८ उरतात, ते २० पेक्षा कमी, म्हणजे पडतो पण जागीच मरत नाही. सेव्ह जमला तर ६ घेऊन उभा. आणि या आवृत्तीत लेव्हलचा फरक फाशावर फार दिसतच नाही. प्रोफिशियन्सी बोनस (फाशात मिळवायचा कौशल्याचा आकडा) चौथ्या लेव्हलपर्यंत २, पाचव्यापासून आठव्यापर्यंत ३. नेम लागण्यात फरक एकाचा, क्षमता वाढवली असेल तर दोनाचा. हेल्प अॅक्शन (साथीदाराला मदत) तर कुठल्याही लेव्हलला सारखीच : वीस बाजूंच्या फाशावर ११ लागत असेल तर अॅडव्हान्टेजने (दोनदा टाकून मोठा आकडा धरला की) ५० टक्क्यांची शक्यता ७५ होते.

माझा नियम : पार्टीहून दोन लेव्हल खाली, पण तिसरीच्या खाली नाही.

फेरीबोट

गणित बरोबर, कॅलेंडर चुकलं. तिसऱ्या लेव्हलच्या ९०० पासून ६,५०० पर्यंत ५,६०० ची मजल आहे. पाचव्या लेव्हलला मध्यम लढाई म्हणजे माणशी ५००, तीही समोर एकच राक्षस असेल तर. टोळी असेल तर हाती येणारे एक्सपी त्याहून कमी, कारण राक्षसांच्या संख्येचा गुणक लढाई किती कठीण ते मोजण्यासाठी आहे, बक्षिसासाठी नाही. म्हणजे किमान अकरा-बारा लढाया. एका सेशनला दोन धरा, पंधरा दिवसांनी एक सेशन धरा, तीन महिने झाले. तेवढ्यात सीझन लागतो आणि तो माणूस परत डबल शिफ्टला.

नेम लागण्यातला फरक एकाचा, हे खरं. पण पाचव्या लेव्हलला फायटरला एक्स्ट्रा अटॅक मिळतो. दुसरा एका वारावर थांबतो तेव्हा हा दोन वार करतो. तो फरक पूर्ण टेबलाला दिसतो. आणि बरीच टेबलं एक्सपी मोजतच नाहीत, कथेच्या टप्प्यावर लेव्हल देतात. तिथे मागून येणारा गाठणार कसा?

कुळागरकर

तुम्ही दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलताय.

आधी खेळलेला माणूस नवं पात्र घेऊन येतोय की फासा हातात पहिल्यांदा घेणारा येतोय? पहिल्याला पार्टीची लेव्हल द्या, विषय संपला. दुसऱ्याचा प्रश्न लेव्हलचा नाहीच, कागदाचा आहे.

पाचव्या लेव्हलच्या विझार्डच्या शीटवर काय असतं बघा : चार कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे मंत्र), इंटेलिजन्स १८ असेल तर तयार केलेली नऊ स्पेल्स, स्पेल स्लॉट (कोणत्या पायरीचे मंत्र किती वेळा टाकता येतात) ४, ३ आणि २, शिवाय कॉन्सन्ट्रेशन (लक्ष देऊन चालू ठेवलेला मंत्र) कशावर चालू आहे ते लक्षात ठेवायचं. नवखा माणूस आपली पाळी येईपर्यंत वाचत बसतो, पाळी आल्यावर विचारतो "मी काय करू शकतो?" आणि शेजारचा त्याच्या वतीने खेळायला लागतो. नवखे गळतात ते इथे. पात्र मेल्यामुळे गळणारे कमी.

नवख्याला चॅम्पियन फायटर (साधा योद्धा) द्या. दोन वार, १९ किंवा २० ला क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार), एकदा सेकंड विंड (थोडे हिट पॉइंट परत), एकदा अॅक्शन सर्ज (एक जादा कृती), दोन्ही शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत. किंवा बार्बेरियन : रेज (संतापाचा झटका) तीन वेळा, बाकी कुऱ्हाड. पहिल्या सेशनला पूर्ण शीट देऊच नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा), हिट पॉइंट, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम), एका हत्याराचा बोनस आणि नुकसान, तीन स्किल्स आणि दोन खास गोष्टी. दुसऱ्या सेशनला सेव्ह आणि उरलेली स्किल्स. तिसऱ्याला पूर्ण शीट, आणि तेव्हाच विचारायचं : क्लास (पात्राचा पेशा) बदलायचा आहे का? तोवर बदल फुकट. क्षमतांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वापरा. २७ पॉइंटांत क्षमतांची खरेदी नवख्यासमोर उघडलीत तर ती संध्याकाळ त्यातच गेली.

पुस्तक विकत घ्यायला लावू नका. मूळ नियमांचा एसआरडी (संदर्भ-दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे. चॅम्पियन आणि बर्सर्कर (बार्बेरियनचा एक प्रकार) दोन्ही त्यात आहेत.

विसात_एक

@कुळागरकर, कागदाबद्दल पूर्ण सहमत. पण हाच माझ्या बाजूचा मुद्दा झाला ना? तिसऱ्या लेव्हलचा कागद आपोआपच लहान असतो. २०२४ च्या नियमांत तर सगळ्या क्लासची सबक्लास (उपप्रकार) तिसऱ्यालाच मिळते, म्हणजे ओळख पूर्ण आणि ओझं कमी.

मिठागर

लेव्हलवर एवढी शाई, आणि पाचवा-सहावा माणूस आल्यावर लढाईचं काय होतं त्यावर एक ओळ नाही.

चार जण, प्रत्येकाची पाळी दोन मिनिटं, डीएमला चार : एक राउंड बारा मिनिटं. सहा जणांना सोळा. चार राउंडची लढाई ४८ मिनिटांवरून ६४ वर जाते, आणि प्रत्येकाला दोन पाळ्यांच्या मधे चौदा मिनिटं मोबाइल बघायला मिळतात. हातात घड्याळ धरून खेळवा म्हणत नाही, पण सहाव्याला हो म्हणण्याआधी हा हिशेब करा.

दुसरं म्हणजे लढाईचं वजन. पाचव्या लेव्हलला मध्यम लढाई चौघांना २,००० एक्सपीची, सहांना ३,००० ची. शिवाय सहा किंवा जास्त खेळाडू असतील तर राक्षसांच्या संख्येचा गुणक एक पायरी खाली येतो : तीन ते सहा राक्षसांना दोनऐवजी दीड. (२०२४ मध्ये हा गुणकच काढून टाकला, सरळ माणशी ७५०.) इथे डीएम एक ठराविक चूक करतात : मुख्य राक्षसाचे हिट पॉइंट दुप्पट. लढाई कठीण होत नाही, लांबते. सहा जणांच्या सहा पाळ्या आणि त्याची एक, हे प्रमाण तसंच राहतं. त्यापेक्षा दोन-तीन हलके साथीदार जोडा आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला वेगळ्या बाजूने आणा, म्हणजे पहिल्याच फायरबॉलमध्ये सगळे सापडत नाहीत.

पाचाच्या वर घेऊ नये हे माझं मत. सहावा आला की दोन टेबलं करा.

जुनी_पेटी

दोन टेबलं करायला दुसरा डीएम कुठून आणायचा? फोंड्यात मिळाला तर काणकोणचा माणूस येईल का?

उपाय जुनाच आहे, खुलं टेबल. जो येईल तो खेळेल, पण प्रत्येक सेशन वस्तीत सुरू आणि वस्तीतच संपलं पाहिजे. गुहेच्या मधोमध थांबायचं नाही. मग नवा कसा आणायचा आणि गैरहजर माणसाचं पात्र कुठे गेलं, हे प्रश्नच उरत नाहीत. ते गावात होतं. आतल्या गावांकडे जाणाऱ्यांना रात्री आठनंतर बस मिळणं तसंही कठीण, त्यामुळे संपण्याची वेळ ठरलेलीच असते. साडेसातला डीएमने विचारायचं : परत फिरताय ना? नाही फिरले तर वाटेतल्या भेटींचा फासा टाका आणि खर्च वसूल करा.

आणि लेव्हल? एकपासून. १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांत फायटरला दुसऱ्या लेव्हलला २,००० एक्सपी, मग ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००. दर वेळी दुप्पट. जुना १६,००० वरून ३२,००० ला जाईपर्यंत नव्याने १६,००० मिळवलेले असतात. एक्सपी मुख्यतः खजिन्यातून मिळत, त्यामुळे नवा पात्रधारी मशाल धरून मागे राहिला तरी वाटा मिळायचा. जगायची अक्कल मात्र त्याची त्याने शिकायची.

फेरीबोट

@जुनी_पेटी, मशाल धरून मागे राहणं चार तास कोणाला आवडेल, पात्रांव?

झुआरीपार

प्रवेशाबद्दल लिहितो.

सगळ्यात वापरलेला आणि सगळ्यात वाईट प्रवेश म्हणजे कैदी. पार्टी राक्षसांच्या तळावर पोचेपर्यंत खेळाडू दीड तास नुसता बसून, सुटल्यावर अंगावर कपडे सोडून काही नाही, आणि सोडवणारे त्याची उलटतपासणी घेणार. त्याखालोखाल तो कोपऱ्यातला टोपीवाला, जो कोणाशीच बोलत नाही.

त्याऐवजी सेशनच्या दोन-तीन दिवस आधी जुन्या खेळाडूंपैकी दोघांना एकेक प्रश्न पाठवा : "हिने तुझा जीव कधी वाचवला?" "हिचे किती पैसे तू देणं लागतोस?" उत्तर ते देतात, त्यामुळे नव्या पात्राला ओळखणारं कोणीतरी पार्टीत आधीच असतं आणि संशयाचा प्रयोग होत नाही. नव्या खेळाडूला मागची कथा एका पानावर द्या : पाच नावं, एक शत्रू, एक अर्धवट काम, आणि पार्टी आत्ता कुठे उभी आहे. आठ महिन्यांचा इतिहास वाचून येणारा माणूस अजून जन्मायचाय.

इथल्या टेबलांना परदेशी सराय आणायची गरजही नाही. जगाचा नकाशा कदंबकालीन गोपकपट्टण या गोव्यातल्या जुन्या बंदरावर बेतला की बंदर आलं, बंदर आलं की दर महिन्याला नवी माणसं उतरणारच. घाटावर मीठ नेणारा लमाणांचा बैलतांडा आहे. तांड्याबरोबर एक राखणदार फायटर, एक वैदू क्लेरिक, दोन्ही पात्रं दहा मिनिटांत पार्टीत. रस्ता चुकलेल्याला देवचार (गावाचा राखणदार आत्मा) वाट दाखवतो, म्हणजे वॉरलॉकचा पॅट्रन (करार करून त्या जादूगाराला शक्ती देणारा) तयार.

कुळागरकर

अवांतर : देवचाराला पॅट्रन करा, पण त्याला हिट पॉइंट देऊ नका. टेबलावरच्या कोणाच्या तरी वाड्यावर त्याला रोट (नैवेद्याची भाकरी) ठेवतात. सेशन झिरोला (खेळाआधीच्या बैठकीत) विचारून घ्या.

मिठागर

@झुआरीपार, दोघांना प्रश्न पाठवण्याची कल्पना चांगली. पण नव्या पात्राच्या हाती गुपित किंवा किल्ली देतात ते करू नका. पुढच्या शनिवारी तो आला नाही तर कथा अडते. दिलंच तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा.

विसात_एक

एका गोष्टीला अजून कोणी हात लावलेला नाही. समान लेव्हल, ताजं सामान, हे मेलेल्या पात्राच्या जागी येणाऱ्यालाही देणार ना? रिव्हिव्हिफाय या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला ३०० नाण्यांचा हिरा लागतो आणि एका मिनिटाच्या आत. रेज डेड या तशाच मंत्राला ५००. नवं पात्र फुकट आणि त्याच लेव्हलचं मिळत असेल तर हिरा कोण विकत घेईल? वर मेलेल्याचं चिलखत, तलवार, औषधं पार्टीकडे राहतात आणि नवा स्वतःचं घेऊन येतो. तीन मृत्यू झाले की पार्टी सावकार.

फेरीबोट

हा मुद्दा खरा आहे. सामानाचा बंदोबस्त सोपा : मेलेल्याचं सामान वारसांकडे जातं, आणि वारस पार्टीत नसतो. एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवू द्या. उलट बाजूही बघा, नव्याकडे एक तरी जादूचं हत्यार असू द्या. साध्या हत्यारांना दाद न देणारे राक्षस याच टप्प्याला येतात. वेअरवुल्फला (लांडगा होणाऱ्या माणसाला) तर साधं, चांदी न चढवलेलं हत्यार इजाच करत नाही. २०२४ च्या कोष्टकात या लेव्हलला एक कॉमन आणि एक अनकॉमन जादूची वस्तू दिलेलीच आहे.

मेलेल्याच्या जागी येणाऱ्याला एक लेव्हल खाली आणा, इतकं मी मानतो. नव्या खेळाडूला मात्र नाही. त्याने कोणाला मारलेलं नाही की स्वतः मेलेला नाही.

विसात_एक

आणि बोटीवरून परत येणारा? आठ महिन्यांत पार्टी पाचव्यावरून आठव्यावर गेली, ३४,००० एक्सपी. त्याला तीन लेव्हल देणार?

फेरीबोट

देणार. त्याचं पात्र त्या काळात एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) म्हणून फिरवू नका, मेलं तर भांडण होतं. जाताना त्यालाच विचारा पात्र कुठे उतरतं, आणि आल्यावर तिथून एक बातमी, एक ओळखीचा माणूस घेऊन येऊ द्या. जादूच्या वस्तू मात्र जे हजर होते त्यांच्याच. आठव्या लेव्हलच्या टेबलावर पाचव्याचा माणूस बसवून तुम्ही त्याला शिक्षा कशाची देताय, पगाराची?

जुनी_पेटी

दर शनिवारी काणकोणहून बस बदलून येणारा विचारेल, मग मी नेमकं काय कमावलं. त्याला उत्तर तयार ठेवा.