स्टँडअप शोमध्ये मागचे लोक सारखे ओरडत असतील तर आपण नक्की काय करायचं?

मुग्धा_कोथरूड
मागच्या शनिवारी बाबांना घेऊन पुण्यातच एका मराठी स्टँडअपला गेले होते. बाबा जन्मभर नाटकवाले, बालगंधर्वला कधी तिकीट काढून तर कधी पास मिळवून बसणारे, स्टँडअप त्यांचं पहिलंच, मीच मागे लागून नेलं. छोटा हॉल होता, शंभरेक खुर्च्या. आमच्या मागच्या दोन रांगा एका ऑफिसच्या ग्रुपने घेतलेल्या, दहाबारा जण, बरेचसे पिऊनच आलेले.

कॉमेडी करणारा पोरगा चांगला होता हो. आजीची गोष्ट सांगत होता, आजी दवाखान्यात अॅडमिट आणि तिथल्या नर्सशी तिचं कसं वाजलं वगैरे, हॉल हळूहळू रंगत होता आणि मागून एकजण दर दोन वाक्यांना "मग पुढे?", "नर्सचा नंबर दे की", असं सुरू. पहिल्या दोन वेळा पोराने भारी उत्तरं दिली, लोक हसले, मग तो माणूस आणखीनच चेकाळला आणि त्याचे मित्र पण. मी मागे वळून सांगितलं की प्लीज जरा हळू, तर म्हणे "मॅडम कॉमेडी आहे, कीर्तन नाही". दारावरचा मुलगा बाहेर उभा. शेवटी त्या पोराने माइक स्टँडला लावला, पाण्याची बाटली उघडली, झाकण हातातून खाली पडलं तरी उचललं नाही, आणि आजीची गोष्ट तिथेच सोडून एकदम लग्नाच्या जोक्सवर गेला. बाबांनी हळूच विचारलं, "आजीचं काय झालं गं?" मला इतकं वाईट वाटलं.

मी बोलले ते चुकलं का? आणि इन्स्टावर तर सगळ्या क्लिप्समध्ये लोक मधे बोलतच असतात, मग यांना ते हवंच असतं का?

माइकवाला_सातारकर
ताई, अजिबात चुकलं नाही. मी 4 वर्षं ओपन माइक (नवखे लोक नाव देऊन थोडा वेळ कॉमेडी करतात ते शो) करतोय, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण निम्मा घोळ तिथेच आहे. लिहिलेला जोक एकदा ऑनलाइन गेला की तो जळला, लोक ऐकून आलेले असतात, हसत नाहीत. त्यामुळे पूर्ण सेट तयार होऊन रेकॉर्ड होईपर्यंत कॉमेडियन तो जपून ठेवतात आणि तोपर्यंत नेटवर टाकायला उरतं काय तर क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी ऐनवेळी मारलेल्या गप्पा, जे त्या रात्रीपुरतंच असतं. बघणाऱ्याला वाटतं शो म्हणजे हेच. पण क्राउड वर्कमध्ये प्रश्न कॉमेडियन विचारतो, तेव्हा बोला ना, बिनधास्त बोला.

बाकी वेळी पंचच्या, म्हणजे जिथे हसू येतं त्या वाक्याच्या, आधीची ती अर्धा सेकंद शांतता असते ना, सगळा जोक तिच्यावर उभा असतो. तिथेच कोणी ओरडलं की मेला. आणि एका तासाच्या शोमध्ये दहाव्या मिनिटाला पेरलेली गोष्ट शेवटी परत येते, त्याला कॉलबॅक म्हणतात, म्हणजे त्या आजीची गोष्ट सुटली तेव्हा बहुतेक त्याचा शेवटचा जोक पण गेला. तो लग्नावर गेला तो घाईत पुढचं शोधत, तेव्हा डोक्यात काय चालू असतं ते मला माहीत आहे, घसा पार कोरडा पडतो.

ज्याला उत्तर मिळतं त्याला वाटतं आपण शोला मदत करतोय, हे पण खरं आहे. म्हणून अनुभवी लोक कधीकधी त्याचं वाक्यच माइकवर जसंच्या तसं परत म्हणतात, कारण पुढच्या रांगांना ते ऐकूच आलेलं नसतं, आणि सगळ्यांच्या कानावर पडलं की ओरडणाऱ्याला स्वतःलाच ते कसंतरी वाटतं.

जुना_नाट्यवेडा
"कीर्तन नाही" म्हणणाऱ्याने कीर्तन ऐकलेलं दिसत नाही. कीर्तनात बुवा सांगतील तेव्हा अख्खा मंडप विठ्ठल विठ्ठल म्हणतो, आणि बुवा आख्यान लावतात तेव्हा गप्प बसतो. आपला प्रेक्षक मुका कधीच नव्हता. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरला जाऊन बघा, "अरे आवाज कुणाचा" करून पोरं छप्पर डोक्यावर घेतात, पण एकांकिका सुरू झाली की ऐकतात. तमाशात तर बतावणी, म्हणजे विनोदी सवालजवाब, चालू असताना समोरून बोलणारच कोणीतरी, सोंगाड्या त्याला तिथल्या तिथे उचलतो, पण त्याच्या बाजूला त्याचा जोडीदार सरदार असतो, मागे ढोलकी असते, त्याची मांडणीच तशी आहे. हा पोरगा एकटा उभा असतो हो.

आणि नाटकात तरी कुठे सगळं आलबेल आहे. 2019 ला नाशिकच्या कालिदासमध्ये मोबाईल वाजत राहिला म्हणून सुमीत राघवनने चालू प्रयोग थांबवला होता. मला ते पटलं होतं आणि अजूनही पटतं.

शो_लावणारी
मी छोटे शो आयोजित करते, त्यामुळे प्रॅक्टिकल सांगते. स्वतः मागे वळून बोलू नका, प्यालेला माणूस मित्रांसमोर माघार घेत नाही, उलट पेटतो. सरळ उठून दारावरच्याला किंवा तिकीट स्कॅन करणाऱ्याला सांगा, रांग आणि खुर्ची नीट सांगा, आणि हे पहिल्या दहा मिनिटांत करा. बरेचदा आम्ही साउंडच्या टेबलापाशी असतो, तिथून कोण ओरडतंय ते कळतच नाही. दारावर कोणी नसणं ही आयोजकाची चूक, तुमची नाही, त्यांना मेल टाका.

आमच्याकडे दहाच्या वर तिकिटं एकदम गेली की मी आधीच फोन करते आणि ग्रुप दोन ठिकाणी तोडून बसवते. सुरुवातीला होस्ट येतो ना, मेन कॉमेडियनच्या आधी, त्याचं निम्मं काम तेच असतं, कोण जास्त बोलतंय ते बघून ठेवायचं आणि नियम हसत सांगायचे. एकदा सांगतो, दुसऱ्यांदा लाइट लावून सांगतो, तिसऱ्यांदा पैसे परत देऊन बाहेर. दोन वेळा काढलंय लोकांना, आणि दोन्ही वेळा बाकीच्या हॉलने टाळ्या वाजवल्यात.

बाबांना पुढच्या वेळी शनिवारी रात्री 9 चा शो नको, रविवारी संध्याकाळचा घ्या. फार फरक पडतो.

मुग्धा_कोथरूड
सगळ्यांना खरंच थँक्यू. आयोजकांना मेल केलाय, दारावर माणूस हवा एवढंच लिहिलं. बाबांना सगळी उत्तरं वाचून दाखवली, तमाशाच्या मुद्द्यावर ते जुना_नाट्यवेडा यांच्याशी तासभर बोलू शकतील. त्याच मुलाचा पुढच्या महिन्यात रविवारी 6 चा शो आहे, दोन तिकिटं काढली, तिसरी रांग. बाबा म्हणाले आजीचं काय झालं ते ऐकल्याशिवाय उठणार नाही.