मदत हवी आहे: गोचीड चावून लाइम आणि बबेसिया हे दोन्ही आजार एकदम, कोणाच्या घरी झालंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत कनेक्टिकटला असतो, बाबा (वय ६८) उन्हाळ्यापुरते आलेत. मागे झाडी, हरणं अगदी दारापर्यंत येतात आणि बाबांना बागकामाचा भारी नाद. मूळचे दोडामार्गचे, त्यामुळे काजूच्या बागेतली गोचीड म्हटलं की माकडताप एवढंच त्यांना ठाऊक.

जूनमध्ये मांडीवर मोठा गोल लाल चट्टा उठला. गोचीड काही दिसली नाही, इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं, दिसणार कुठून! अर्जंट केअरमध्ये चट्टा बघूनच लाइम (गोचिडीतून येणारा बॅक्टेरियाचा आजार) म्हणाले, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) सुरू केली, चट्टा गेला पण ताप काही हटेना. हुडहुडी भरून ताप, रात्री बनियन पिळावा इतका घाम, लघवी गडद. आईचं फोनवर एकच पालुपद, अरे हा मलेरिया आहे. आणि आई फार लांब नव्हती बरं का, ब्लड स्मिअरमध्ये (रक्ताचा थेंब काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात ते) लाल पेशींत मलेरियासारख्या रिंगा दिसल्या तेव्हा डॉक्टरांनीही पहिलं हेच विचारलं की भारतातून कधी आलात. पीसीआर केल्यावर बबेसिया निघाला. हिमोग्लोबिन उतरलंय, प्लेटलेट्सही कमी आहेत.

इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की एकाच गोचिडीतून लाइम, बबेसिया, अॅनाप्लाज्मा (हाही बॅक्टेरियाच) यातलं दोन-तीन एकदम येऊ शकतं. डॉक्सीने लाइम आणि अॅनाप्लाज्मा आटोक्यात येतात, पण बबेसिया बॅक्टेरिया नाहीच, मलेरियासारखाच परजीवी, त्यामुळे डॉक्सीवर तो बरा होत नाही. आता अॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन १० दिवस दिलंय.

तर प्रश्न असे. अॅटोव्हाक्वोन म्हणजे ते पिवळंधम्मक पातळ औषध, तेलतुपाच्या खाण्याबरोबरच घ्यायचं नाहीतर अंगी लागत नाही म्हणतात, आणि बाबांना तर घास जात नाहीये. तूपभात दोन घास खाऊन मळमळतं म्हणतात, तुम्ही काय दिलंत? पीनट बटर, अंडं, अजून काही? ताप गेल्यावर थकवा किती टिकला? परतीचं तिकीट ऑगस्टचं आहे, पुढे ढकलू का? स्मिअर परत करणारच आहेत, पण तिकडे गेल्यावर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, फिजिशियन की रक्ताचे? आणि व्हिजिटर इन्शुरन्सने हे औषध कोणाला दिलंय का, फार्मसीत किंमत ऐकून घाम फुटला.

कृपया गुळवेल-कडुलिंब सुचवू नका, ते मावशीने ऑलरेडी कुरियर केलंय.