बेल्ट लावला तरी सीटबेल्टचा दिवा विझत नाही

प्रश्न: जुनी हॅचबॅक. ड्रायव्हरचा बेल्ट खटकन बसतो, तरी बझर चालूच. सीट मागे-पुढे केली की कधीकधी थांबतो. बकल बदलू का?

उत्तर: लगेच नको भावा. सीट हलवल्यावर फरक पडतोय, म्हणजे सीटखालची वायर किंवा कनेक्टर आधी बघा. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, काही मिनिटं थांबा. गाडी पंचगंगेच्या पुरात भिजलेली असेल तर कार्पेटखाली ओल राहून पिना हिरव्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशनं घासा. पिवळा कनेक्टर एअरबॅग नाहीतर प्रीटेन्शनरचा (धडकेच्या वेळी बेल्ट आवळणारा भाग) असतो, त्याला मल्टिमीटर अजिबात लावू नका!

दुसरं उत्तर: वायर ठीक निघाली तर बकलच्या स्विचचा कनेक्टर सोडून मल्टिमीटरनं कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का) तपासा. बेल्ट लावता-काढता रीडिंग बदललं पाहिजे. नाही बदललं तर बहुधा आतला स्विच गेला. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकावर चालणाऱ्या) बकलला ही चाचणी चालत नाही, तिथं स्कॅनरच (गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लागतो. बकलमध्ये तेल सोडू नका, धूळ धरतं.

प्रश्नकर्ता: सीटच्या रुळाजवळ वायर सोललीय. टेप चालेल?

उत्तर: नुसती टेप उन्हानं सुटते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सोल्डर करून हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून घ्या. सीट पार पुढं सरकेल एवढी वायर ढिली ठेवा, आणि रुळापासून लांब बांधा. बझर गप्प करायला डमी क्लिप (बेल्टशिवायची नुसती जीभ) मात्र बकलमध्ये खोचू नका.