मदत हवी आहे: जुन्या जपानी दुर्बिणीच्या भिंगांतली फॉइल आणि बुरशी

मंडळी, ७५ मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची जुनी अपवर्तक (भिंगांची) दुर्बीण विकायला आली आहे. खानापूरकडच्या पावसात बंद पेटीत पडून राहिल्यानं भिंगांच्या आतल्या बाजूला बुरशीचं जाळं धरलंय. नळी सरळ आहे, पोचे नाहीत. फोकसरचं (नेत्रिका पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाचं) ग्रीस मात्र डिंकासारखं घट्ट झालंय. ते रॉकेलनं निघेल, त्याची काळजी नाही.

खरी अडचण दोन भिंगांमध्ये फट राखणाऱ्या फॉइलच्या तुकड्यांची. १२० अंशांवर तीन हवेत, आहेत दोनच. मायक्रोमीटरवर जाडी ०.०८ मिमी भरली. तिसरा वेगळ्या जाडीचा पडला तर भिंग तिरकं बसून ताऱ्याला एका बाजूला शेपूट फुटणार. स्वयंपाकाची फॉइल फारच पातळ, पदर करून घातली तर दाबली जाते. मग तिन्ही नवीन, एकाच पट्टीतून कापावेत का? ०.०८ ची शिम पट्टी (ठरावीक जाडीची पातळ धातूची पट्टी) बेळगावात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सुटी मिळेल का?

दुसरं, बुरशीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात वापरलेलं कोणी आहे का? भिंगावरच्या जुन्या परावर्तनरोधक लेपावर किती मिनिटं ठेवणं सुरक्षित? बुरशीच्या आम्लानं काच खाल्ली असेल तर डाग राहणारच, हे धरूनच भाव करायचाय.

भिंगांच्या कडेला पेन्सिलीनं इंग्रजी व्ही काढून ठेवलाय, त्यामुळे परत जोडताना भिंगं एकमेकांच्या तुलनेत फिरून बसण्याची भीती नाही. शिवाय ०.९६५ इंची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) सव्वा इंचीत बदलणारा अडॅप्टर लेथवर नीट करून देणारा निपाणी-बेळगाव पट्ट्यात कोणी असेल तर सांगा.