नंबर वन झाली पण ग्रँड स्लॅम नाही : येलेना यान्कोविच मोठी खेळाडू की नाही?

बॅकहँडप्रेमी

आमच्या टेनिसच्या ग्रुपवर परवा विषय निघाला की आजवरची सगळ्यात कच्ची नंबर वन कोण, आणि पाचसहा जणांनी पटापट एकच नाव टाकलं, येलेना यान्कोविच. एकाने तर "फुकटची नंबर वन" असंच लिहिलं. मला ते फार लागलं खरं सांगायचं तर. सर्बियन टेनिस म्हटलं की सगळे जोकोविचवर येऊन थांबतात, फार तर आना इवानोविच, आणि ही बाई मधल्यामधे राहून जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. 2008 साल घ्या. त्या वर्षी चार ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, झाल्या आणि चार वेगळ्या बायका जिंकल्या, ऑस्ट्रेलियात शारापोव्हा, पॅरिसला इवानोविच, विम्बल्डनला व्हीनस, न्यूयॉर्कला सेरेना. चौघींपैकी एकीलाही ते वर्षभर टिकवता आलं नाही. यान्कोविच ऑस्ट्रेलियात सेमी, पॅरिसला सेमी, यूएस ओपनला फायनल. त्या वर्षी तीन स्लॅमच्या सेमीपर्यंत पोचलेली दुसरी एकही बाई नाही, तपासून बघा. त्यात रोम जिंकली, आणि यूएस ओपनची फायनल हरल्यावर कुणीही महिनाभर तोंड लपवून बसलं असतं तिथे हिने बीजिंग, स्टुटगार्ट, मॉस्को अशा लागोपाठ तीन स्पर्धा मारल्या. वर्ष संपलं तेव्हा नंबर एकला तीच. हे फुकटचं कसं काय?

नाशिककर

नाही पटलं. तुम्ही आकडे बरोबर देताय पण त्या वेळची परिस्थिती सोडून देताय. मे 2008 मध्ये जस्टिन हेनिनने नंबर एकवर असताना रॅकेट खाली ठेवली. शारापोव्हाचा खांदा गेला, ती ऑगस्टपासून खेळलीच नाही. सेरेना निवडक स्पर्धा खेळायची. म्हणजे खुर्ची रिकामी होती आणि जी सतत खेळत राहिली तिला ती मिळाली. हजेरीचे मार्क म्हणा ना. आणि शेवटी टेनिसमध्ये मोठेपण ग्रँड स्लॅमवरच मोजतात, आजचं नाही हे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नंबर एक झाली ती एका आठवड्यासाठी, मग ऑक्टोबरपासून जानेवारी संपेपर्यंत, मिळून 18 आठवडे. त्यानंतर परत कधी नाही. 2009 ला ऑस्ट्रेलियात पहिलं मानांकन होतं आणि चौथ्या फेरीत बार्तोलीने 6-1, 6-4 असं घरी पाठवलं. नंबर एकची खेळाडू असं हरते?

आनाची_फॅन

मी इवानोविचच्या बाजूने बोलणार हे नावावरूनच कळेल 🙂 2008 च्या फ्रेंच ओपनची सेमी आठवा, दोघी सर्बियन समोरासमोर, आना 6-4, 3-6, 6-4 ने जिंकली आणि त्या मॅचवर नंबर एकचाही निकाल लागणार होता. सगळं पणाला लागलं होतं तेव्हा कोण जिंकलं? मग फायनलला साफिनाला हरवून कप उचलला. करिअरमध्ये दोघींच्या सिंगल्स टायटलची संख्या सारखीच आहे, 15 आणि 15. पण आनाच्या 15 मध्ये एक रोलाँ गारोस, म्हणजे फ्रेंच ओपन, आहे. विषय संपला असं मला वाटतं.

बॅकहँडप्रेमी

@आनाची_फॅन विषय कसा संपेल, पुढचं पण बोला ना. ती सेमी जिंकली, कप जिंकली, मान्य, तो दिवस तिचा होता. पण मग? त्याच वर्षी यूएस ओपनला नंबर एक म्हणून उतरली आणि दुसऱ्या फेरीत जगात 188 नंबरवर असलेल्या जुली क्वाँकडून हरली. सर्व्हिसचा टॉसच बिघडला, चेंडू वर टाकायचा, पकडायचा, परत टाकायचा, बघवत नव्हतं. 2010 च्या जुलैत 65 व्या नंबरवर होती. मला आना आवडते, 2014 ला ऑस्ट्रेलियात तिने सेरेनाला हरवलं तेव्हा मी ऑफिसात ओरडलो होतो. पण दोन आठवडे उंच उडी मारणं आणि वर्षभर वर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला आपण काहीच किंमत देत नाही.

@नाशिककर खुर्ची रिकामी होती म्हणताय, मग ज्या हजर होत्या त्यांच्यापैकी कुणी का नाही बसलं? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वार्टरला गतविजेत्या सेरेनाला 6-3, 6-4 असं हरवलंय हिने. हजेरीच्या मार्कांवर सेरेना हरत नाही.

स्टुटगार्टवाली

मी सहसा इथे फक्त वाचते पण आज लिहावंसं वाटलं कारण 2008 ची ती स्टुटगार्टची फायनल मी स्वतः बघितली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा नुकतेच जर्मनीत आलो होतो, ओळखी नाहीत, भाषा येत नाही, ऑक्टोबरातच थंडी सुरू झालेली, आणि त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पोर्शे अरेनाच्या फायनलची दोन तिकिटं दिली. यान्कोविच विरुद्ध नादिया पेत्रोव्हा. आम्ही कोपऱ्यात, बेसलाइनच्या अगदी जवळ बसलो होतो.

टीव्हीवर कळत नाही ते सांगते. पेत्रोव्हाचा फटका इतका जोरात यायचा की आपण मान वळवेपर्यंत चेंडू पलीकडे. यान्कोविच तिथे आधीच असायची. पळत जायची असं नाही, शेवटची दोन पावलं घसरत जायची, बुटांचा किर्रर्र आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमायचा, गुडघे जवळजवळ जमिनीला टेकायचे आणि तशा अवस्थेतून बॅकहँड सरळ लाइनीवर. अंगठ्याएवढी जागा असेल. एकदा तर तिने तो मारला आणि माझ्या शेजारच्या जर्मन आजी उभ्या राहून "नाइन, नाइन" करत होत्या, म्हणजे शक्यच नाही असं. दोन सेटमध्ये जिंकली आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, परत नंबर एक झाली. त्या दिवसापासून कुणी तिला कच्ची म्हटलं की मला सहन होत नाही.

बेसलाइन_कोच

मी कोल्हापुरात मुलांना शिकवतो, वीस वर्षं झाली, तर थोडं खेळाच्या अंगाने लिहितो. ताईंनी जे बघितलं ते शंभर टक्के खरं. बॅकहँड डाउन द लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगत सरळ, तिच्यासारखा त्या काळात फार थोड्या बायकांचा होता आणि बचावातून हल्ल्यावर येणं हे तर मी अजून मुलांना तिचेच व्हिडिओ दाखवून शिकवतो. पण नाशिककरांचंही पूर्ण चूक नाही. तिची दुसरी सर्व्हिस हलकी होती. मोठ्या फायनलला समोरची बाई आत येऊन उभी राहायची आणि त्यावर ठोकायची.

दुसरं म्हणजे, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, 2008 संपल्यावर तिने स्लॅम जिंकायचीच म्हणून ताकद वाढवायला घेतली. जिममध्ये प्रचंड मेहनत केली, स्नायू वाढले आणि पाय जड झाले. तिने स्वतःच पुढे कबूल केलंय हे. जी गोष्ट तिच्याकडे जगात सगळ्यात चांगली होती, चपळाई, तीच तिने गहाण टाकली जे नव्हतं ते मिळवायला. 2009 ची ऑस्ट्रेलियातली हार त्यातून आली. म्हणजे ती कच्ची होती म्हणून नाही हरली, "तुझ्याकडे स्लॅम नाही" हे लोकांनी इतक्यांदा ऐकवलं त्याचाही त्यात वाटा आहे असं माझं मत आहे.

नाशिककर

कोचसाहेब तुमचा मुद्दा मानतो, हे मला नवीन होतं. पण मग हेच तर मी म्हणतोय की मोक्याच्या वेळी कमी पडली. 2006 यूएस ओपन सेमी, हेनिनविरुद्ध 6-4, 4-2 पुढे. तिथून सलग दहा गेम हरली. दहा! अंपायरशी वाद घातला, लक्ष उडालं, तिसरा सेट 6-0. 2008 ची यूएस ओपन फायनल, सेरेनासमोर दुसऱ्या सेटला 5-3 पुढे, चार सेट पॉइंट, चारही गेले, 6-4, 7-5 हरली. 2012 ला फेड कपची, म्हणजे देशांच्या महिला संघांच्या स्पर्धेची, फायनल प्रागला, सर्बियाला जिवंत ठेवायची मॅच आणि शाफारोव्हाकडून 6-1, 6-1. 2015 ला इंडियन वेल्सची फायनल, पहिला सेट 6-2 घेऊन हालेपकडून हरली. हा योगायोग नाही. आयुष्यात जितक्या फायनल जिंकली त्यापेक्षा जास्त हरलीये.

बॅकहँडप्रेमी

रोम 2010 विसरलात. क्वार्टरला व्हीनसला 6-0, 6-1, सेमीला सेरेनाला मॅच पॉइंट वाचवून तिसऱ्या सेटच्या टाय-ब्रेकमध्ये हरवलं. दोन्ही विल्यम्स बहिणींना एकाच स्पर्धेत लागोपाठ हरवणाऱ्या किती जणी सापडतात बघा.

नाशिककर

आणि फायनलला? मार्टिनेझ सांचेझ, बिनमानांकित, तिच्याकडून सरळ दोन सेटमध्ये हरली. तुम्ही माझंच उदाहरण दिलंत.

ज्युनिअरची_आई

तुम्हा सगळ्यांएवढं टेनिस मला कळत नाही, पण चार वर्षं मुलीला घेऊन स्पर्धांना फिरतेय, बालेवाडीपासून औरंगाबादपर्यंत, तर त्या बाजूने लिहिते. मागच्या वर्षी तिचा असा काळ आला की सलग आठ स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर. आठ वेळा सकाळी सहाला उठून, डबा भरून, तासाभरात परत गाडीत. बोलायचीच नाही गाडीत. एका स्पर्धेला तिथल्या एका माणसाने सगळ्यांसमोर म्हटलं, हिला आता अभ्यासाला लावा. तेव्हा तिच्या कोचने तिला यान्कोविचची गोष्ट सांगितली होती. 2006 च्या सुरुवातीला ही सलग दहा मॅच हरली, टेनिस सोडायचा विचार करत होती. आणि त्याच वर्षी विम्बल्डनला गतविजेत्या व्हीनसला हरवलं आणि यूएस ओपनच्या सेमीला गेली. नाशिककर, तुम्ही जी हेनिनची मॅच सांगताय ना, ती त्याच वर्षाची. त्या कोर्टवर ती पोचली हेच मला केवढं मोठं वाटतं. माझ्या मुलीने ते कागदावर लिहून किटबॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय, "दहा". फक्त आकडा. नवव्या स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकली.

स्लॅमवाल्यांच्या गोष्टी असतातच हो सगळीकडे. पण रोज हरणाऱ्या पोरींना त्यांचा काय उपयोग?

आनाची_फॅन

ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, लेकीला खूप शुभेच्छा. तरी वाद म्हणून एक विचारते, प्रेरणा वेगळी आणि मोठेपण वेगळं ना? आनाचीही गोष्ट कमी नाही, बेलग्रेडमध्ये रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात हिवाळ्यात सराव करायची, भिंत इतकी जवळ की क्रॉस कोर्ट, म्हणजे तिरका फटका, मारताच यायचा नाही. आणि बॅकहँडप्रेमी, 65 वर गेली हे सांगितलंत पण तिथून 2014 ला परत पाचव्या नंबरवर आली हे नाही सांगितलंत. गोष्टीच मोजायच्या तर दोघी सारख्या, मग फरक त्या कपानेच पडतो.

बेसलाइन_कोच

फरक पडतो, मान्य. पण किती पडतो हा प्रश्न आहे. माझ्या मते इवानोविचचं शिखर उंच, यान्कोविचचं पठार उंच. टेनिसचा सीझन जानेवारीत मेलबर्नला सुरू होतो, मग कडक हार्ड कोर्ट, मग क्ले म्हणजे मातीचं कोर्ट, मग गवत, परत हार्ड, मग इनडोअर. दर आठवड्याला नवा देश. त्यात शरीर आणि डोकं शाबूत ठेवून सेमी-फायनल गाठत राहणं हे कौशल्यच आहे, हजेरी नव्हे. नुसतं जास्त खेळून नंबर एक होता येत असतं तर दरवर्षी वेगळी कुणीतरी झाली असती. आणि विम्बल्डनचं एक टायटल आहे तिच्याकडे, 2007 चं मिक्स्ड डबल्स जेमी मरेबरोबर, ते लोक मोजतच नाहीत.

नाशिककर

मिक्स्ड मी पण मोजत नाही, सॉरी. सिंगल्सचंच बोलू.

पण एक सांगतो. तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट वाचून काल रात्री तिची 2008 ऑस्ट्रेलियन ओपनची पहिल्या फेरीची मॅच पाहिली, तामिरा पास्झेकविरुद्ध. 2-6, 6-2, 12-10. तीन मॅच पॉइंट वाचवलेत. त्यात ती शेवटी शेवटी प्रत्येक पॉइंटनंतर गुडघ्यावर हात टेकून उभी राहायची, आणि परत लाइनीवर. पहिल्या फेरीत हरली असती तर त्या वर्षाचं काहीच झालं नसतं, ना सेरेनावरचा विजय, ना सेमी, ना कदाचित नंबर एक. तर "फुकटची" हा शब्द मी नव्हता वापरला, पण तुमच्या ग्रुपवर ज्याने वापरला त्याने परत घ्यावा असं मला आता वाटतं. मोठी मात्र मी नाही म्हणणार. मोठी म्हणजे हेनिन, सेरेना. ही त्यांच्या खालच्या पायरीवरची, पण स्वतःच्या हिमतीवर चढलेली.

बॅकहँडप्रेमी

खालची पायरी मला मान्य नाही पण पुढे सरकलात तेवढं पुरे आज. 2015 च्या विम्बल्डनची क्वितोव्हाविरुद्धची मॅचही बघा जमलं तर. तीस वर्षांची यान्कोविच, पाठीने हैराण, समोर गतविजेती, पहिला सेट गेलेला, आणि 3-6, 7-5, 6-4. गतविजेतीला विम्बल्डनला हरवायचं तिने दोनदा केलं, 2006 ला आणि नऊ वर्षांनी परत.

ज्युनिअरची_आई

@स्टुटगार्टवाली एक विचारायचं होतं, लेक विचारतेय. ती घसरत जायची म्हणालात ते क्लेवर ना? हार्ड कोर्टवर घसरू नको, घोटा जाईल असं तिला सांगतात.

स्टुटगार्टवाली

नाही हो, हार्डच होतं, आतल्या हॉलमधलं. स्टुटगार्टला क्ले आली ती पुढच्या वर्षी. म्हणून तर तो आवाज इतका येत होता. पण लेकीला सांगा कोच म्हणतात तेच बरोबर, आत्ता नको. मॅच संपल्यावर यान्कोविच सह्या द्यायला आमच्या बाजूला आली होती, तेव्हा तिचे बूट दिसले मला, उजव्या बुटाची आतली कड पार झिजून पांढरी पडली होती.