चौथीच्या वर्गात विषमता कशी शिकवावी?

खडूफळा:
वर्गात 36 मुलं, त्यांतली 9 आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून आलेली. गरिबी-श्रीमंतीवर बोलायचं आहे, पण ‘घरी काय काय आहे ते लिहा’ असा उपक्रम नको वाटतो. 35 मिनिटांच्या दोन तासिका हाताशी आहेत. काय घेता येईल?

रंगपेटी:
ती यादी नकोच. ज्याच्या घरी फ्रिज नाही ते पोर त्या दिवसापासून वर्गाला ठाऊक होतं.

भेटकार्डाचा खेळ घ्या. चिठ्ठ्या टाकून सहा-सहा जणांचे सहा गट करा. दोन गटांना कात्री, डिंक, पट्टी, रंगपेटी आणि चार घोटीव कागद. दोन गटांना कात्री, पेन्सिल आणि दोन साधे कागद. उरलेल्या दोन गटांना एक कागद, एक पेन्सिल, बस्स. प्रत्येक गटानं भेटकार्ड बनवायचं. वेळ सगळ्यांना 15 मिनिटं, गुणही एकाच मापाने. कुरकुर होईल, होऊ द्या. कोणी कात्री उसनी मागायला उठलं तर अडवू नका. कोण देतं, कोण नाही, एवढं टिपून ठेवा.

जिंकलेला गट हमखास म्हणतो, ‘आम्ही मन लावून केलं.’ ते खोडू नका, खरंच असतं ते. फक्त विचारा, ‘मागच्या गटानं मन लावलं नाही का?’ खेळ फसतो तो वेळेमुळे. चर्चा उद्यावर गेली, तर हरलेली मुलं ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच घरी घेऊन जातात. त्याच तासाला चर्चा करा आणि सगळ्यांदेखत गुण पुसून टाका.

दुसऱ्या तासिकेत तेच साहित्य मुलांना वाटू द्या. बहुधा ‘सगळ्यांना सारखं’ असंच ठरतं. तेव्हा डावखुऱ्या मुलाच्या हातात नेहमीची, उजव्या हातासाठीची कात्री द्या. सारखं आणि न्याय्य यांतला फरक व्याख्येविना कळतो.

पाणवठा:
खेळ चांगला, पण चिठ्ठीमुळे गरिबी म्हणजे नशीब, असं मुलांच्या डोक्यात बसू शकतं. गट पाडायला चिठ्ठीच बरी. चर्चा मात्र ‘हे वाटप ठरवलं कोणी?’ इथपर्यंत न्या. मग महाड सांगा. चवदार तळं नगरपालिकेनं 1924 मध्ये सर्वांना खुलं केलं होतं, तरी तिथलं पाणी प्यायला 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद, हे चौथीच्या मुलांना बरोबर कळतं. लगेच शाहू महाराजांचाही दाखला द्या: 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. नियमानं दार बंद होतं तसं उघडतंही.

दप्तर:
दोन तासिका झाल्या, बाकी वर्षाचं काय? ‘आरटीईवाले उभे राहा’ हे वाक्य पहिलं बंद करा. त्याच कायद्याच्या 17व्या कलमात मानसिक छळाला मनाई आहे, हे शिक्षकांच्या खोलीत फारसं कोणी बोलत नाही. फी आणि दाखल्यांची आठवण वर्गात नाही, बंद पाकिटातून. प्रकल्पाचं सामान घरून मागवू नका. जुने पुठ्ठे, वर्तमानपत्रं आणि डिंक यांची एक पेटी वर्गातच ठेवा. निबंधाला ‘सुट्टीत आम्ही कुठे गेलो’ नको, ‘सुट्टीतली एक दुपार’ द्या.