मदत हवी: भुदरगडात क्रशर टाकायचा आहे, पण धोरणाचा भरवसा कसा धरायचा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहतो, मूळ गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढे. थोरल्या चुलतभावाकडे काळ्या दगडाचा खाणपट्टा, म्हणजे सरकारकडून ठरावीक मुदतीसाठी मिळालेला खाणीचा हक्क, आहे. त्याचं म्हणणं, दोघांनी मिळून क्रशर (दगड फोडायचं यंत्र) टाकू आणि क्रश सँड, म्हणजे दगडाची कृत्रिम वाळू, काढू. मागणीचा हिशेब मलाही पटतो. पण कर्ज सात वर्षांचं असणार, आणि या धंद्यातला नियम सात वर्षं तसाच राहील असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

वाळूचंच बघा. 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासनं (100 घनफुटांना) वाळू द्यायचं ठरलं. 2025 मध्ये डेपो गुंडाळले आणि पुन्हा लिलाव आले. त्याच वर्षी मे महिन्यात कृत्रिम वाळूचं धोरण आलं, त्यात सरकारला द्यायचं स्वामित्वधन (रॉयल्टी) 600 ऐवजी 200 रुपये ब्रास. आमचा नफा बराचसा या 400 रुपयांवर उभा आहे. पुढच्या सरकारनं सवलत काढली तर हप्ता कुठून भरायचा? त्यात जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना असल्याचा निकाल दिला. म्हणजे नवा कर येणारच नाही, असंही धरून चालता येत नाही.

मोठी भीती मात्र पश्चिम घाटाच्या अधिसूचनेची, म्हणजे घाटातली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करणाऱ्या केंद्राच्या आदेशाची. पहिला मसुदा मार्च 2014 चा, सहावा 31 जुलै 2024 चा. महाराष्ट्रातलं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. मसुद्यानुसार संवेदनशील क्षेत्रात नवी खाण नाही, आणि चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपेल तेव्हा, जे आधी होईल तेव्हा बंद. दहा वर्षांत केंद्राला अंतिम निर्णय घेता आला नाही, कारण राज्यं गावं वगळायला सांगतात आणि निवडणूक आली की विषय मागे पडतो.

मला हे जंगल नको आहे असं कुणी समजू नये. दाजीपूरचे गवे आणि वेदगंगेचं पाणी याच डोंगरांमुळे आहे. आमचं गाव या क्षेत्राच्या गावांच्या यादीत कायम राहणार असेल तर आजच सांगा, मी पैसे घालणार नाही. कडक नियमात धंदा करता येतो, लोंबकळत्या नियमात करता येत नाही.

तर जाणकारांनी सांगावं: पट्ट्याची उरलेली मुदत आणि कर्जाची मुदत यांचा मेळ बँका कसा घालतात? सवलत गेली तर काय, याची तरतूद भागीदारीच्या करारात करता येते का? आणि गाव यादीत आहे की नाही, याची लेखी खात्री कुठून घ्यायची?

प्रतिसाद

दादा, आधी तिसरा प्रश्न. सहाव्या मसुद्याच्या परिशिष्टात गावांची तालुकावार नावं आहेत, ती स्वतः वाचा. मग गट नंबर देऊन जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी 'काही होत नाही' यावर एक रुपया घालू नका. मसुदाच आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. केंद्रानं 13 नोव्हेंबर 2013 लाच निर्देश काढून या क्षेत्रात नव्या खाणींना मनाई केली आहे. पर्यावरण मंजुरीची तारीख आणि अटी तपासा.

गोव्याचं लक्षात ठेवा. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणकाम थांबलं. कर्जावर ट्रक घेतलेली माणसं त्यात अडकली, त्यांचा तर काही दोषही नव्हता.

मी तुमच्या जागी असतो तर 600 रुपये स्वामित्वधन धरूनच हिशेब मांडला असता. तरी हप्ता निघत असेल तरच पुढे जा. क्रशर खाणीला चिकटून टाकू नका. यादीबाहेर, बिनशेती झालेल्या जागेवर टाकलात तर ती खाण बंद पडली तरी दुसरीकडचा दगड आणून यंत्र चालेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. 600 धरून मांडलं तर हप्ता जेमतेम निघतो, वाहतूक वाढली तर तोही नाही. सोमवारी अर्ज देतो. यादीबाहेरच्या जागेवर क्रशर चालवणारं कुणी कागल किंवा करवीर भागातलं असेल तर दगड आणायचा खर्च ब्रासला किती पडतो, तेवढं कळवा.